मध्यावर आलेत म्हणे, पण परतीचे दोर कापलेत का?

कुठलाही पक्ष जरा सौम्य बोलायला लागला, म्हणजे टोक सोडून मध्याकडे यायला लागला की आपल्याकडे लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो सगळं नाटक आहे, निवडणूक झाली की येतील मूळ पदावर, आणि दुसरा म्हणतो नाही हो, माणसं बदलतात तसे पक्षही बदलतात, जरा संधी द्या. मग रात्रभर वाद चालतो आणि तो सगळा एकाच गोष्टीवर असतो, नेत्याच्या मनात खरंच काय आहे. आता ते मनातलं ना पहिल्याला माहितीये ना दुसऱ्याला, आणि बऱ्याचदा त्या नेत्यालाही धड माहिती नसतं, त्याला फक्त एवढंच दिसत असतं की आहे त्या मतांवर आता भागत नाही.

मला तर हा प्रश्नच चुकीचा वाटतो. पक्षाला मन कुठे असतं? पक्षाला घटना असते, ठराव असतात, तिकिटांची यादी असते, पैसे देणारे असतात, आणि रात्री उशिरापर्यंत पोस्टर चिकटवणारे कार्यकर्ते असतात. यातलं काय बदललं ते बघायचं. नियत तपासत बसलात तर आयुष्य जाईल.

तमिळनाडूतल्या द्रमुकचंच घ्या. १९४९ मध्ये पक्ष निघाला तो वेगळ्या द्रविडनाडूची मागणी घेऊन, म्हणजे सरळ फुटून निघण्याची मागणी. १९६२ मध्ये अण्णादुराई राज्यसभेत गेले आणि पहिल्याच भाषणात स्वयंनिर्णयाची बाजू मांडली. त्याच वर्षी चीनने हल्ला केला आणि अण्णांनी मागणी थांबवली, पाठोपाठ १९६३ मध्ये सोळावी घटनादुरुस्ती आली, की निवडणुकीला उभं राहायचं तर देशाच्या सार्वभौमत्वाची आणि एकात्मतेची शपथ घ्यावीच लागेल. झालं, पक्षाने मागणी कायमची सोडली. आता सांगा, हा बदल खरा होता का? एका बाजूला युद्ध, दुसऱ्या बाजूला कायदा, मधे सापडलेला पक्ष, यात हृदयपरिवर्तन शोधून सापडणार नाही. अण्णा स्वतःच म्हणत की मागणी सोडली पण मागणीमागची कारणं तशीच आहेत. म्हणजे ‘बघा, मनातून बदलले नाहीत’ म्हणणाऱ्यांना पुरावा आयता मिळाला होता.

आणि तरीही तो बदल टिकला. १९६७ मध्ये द्रमुक सत्तेत आला, त्यानंतर त्यांनी राज्यांच्या स्वायत्ततेसाठी समिती नेमली, हिंदीवरून भांडले, राज्यपालांवरून भांडले, अजूनही भांडतात, पण सगळं घटनेच्या चौकटीत राहून. कारण पक्षाने आपलं ध्येयच लिहून बदललं होतं आणि नंतर जे तरुण पक्षात आले ते आमदारकी, मंत्रिपद आणि राज्याचे हक्क यासाठी आले, वेगळ्या देशासाठी नाही. वीस वर्षांनी कुणी ‘चला परत जुन्या मागणीवर’ म्हटलं असतं तरी ऐकायला माणसं नसती. सक्तीने झालेला बदल खोटाच असतो असं जे आपण धरून चालतो ते इथे साफ चुकतं.

सिंहगडावर तानाजी पडल्यावर मावळे मागे फिरले आणि सूर्याजीने सांगितलं की परतीचे दोर कापलेत, ही गोष्ट आपण चौथीच्या पुस्तकापासून ऐकत आलोय. ते नेमकं तसंच झालं का ते इतिहासवाले बघतील, पण आपल्या कामाची गोष्ट अशी की दोर कापल्यावर मावळ्यांच्या मनात काय होतं याला अर्थच उरला नाही. पक्षाचंही तेच. तो मध्यावर प्रेमाने आला की नाइलाजाने, फरक पडत नाही, परत जायचा रस्ता त्याने स्वतःसाठी अवघड करून ठेवलाय का तेवढं बघा.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण मला जर्मनीतलं वाटतं. तिथल्या सोशल डेमोक्रॅट पक्षाचा अधिकृत कार्यक्रम १९२५ सालचा, मार्क्सवादी भाषेतला. १९५७ मध्ये तेव्हाचे चॅन्सलर आडेनाउअर यांच्या आघाडीने निम्म्याहून जास्त मतं घेतली, यांची गाडी बत्तीस टक्क्यांच्या आसपास अडकलेली. मग नोव्हेंबर १९५९ मध्ये बाड गोडेसबर्गला अधिवेशन भरवून त्यांनी नवा कार्यक्रम मंजूर केला, ३२४ विरुद्ध १६ मतांनी. खुली बाजारपेठ मान्य, जिथे जमेल तिथे स्पर्धा आणि जिथे गरज तिथेच नियोजन, आणि आपण फक्त कामगारांचा नाही तर सगळ्या जनतेचा पक्ष. पुढच्याच वर्षी हर्बर्ट वेनर यांनी, जे स्वतः एकेकाळचे कम्युनिस्ट, संसदेत उभं राहून पाश्चिमात्य लष्करी आघाडीतलं जर्मनीचं स्थान मान्य करून टाकलं. आणि १९६१ मध्ये पक्षाने स्वतःच्याच विद्यार्थी संघटनेशी संबंध तोडले, तिकडे राहायचं असेल तर इकडे नाही. स्वतःची पोरं बाहेर काढायला किती जीवावर येतं हे राजकारणात असलेल्या कुणालाही विचारा.

पण मला यातली खरी गोष्ट पुढची वाटते. एवढं सगळं करून ते १९६१ ची निवडणूक हरले. १९६५ ची पण हरले. मतं वाढत होती पण सत्ता नाही. आपल्याकडचा पक्ष असता तर पहिल्या पराभवानंतर चिंतन बैठक झाली असती आणि ‘आपण आपला मूळ मतदार गमावला’ असा निष्कर्ष निघून गाडी परत फिरली असती. ते फिरले नाहीत. १९६६ मध्ये आघाडी सरकारात गेले, १९६९ मध्ये विली ब्रांट चॅन्सलर झाले. दहा वर्षं लागली. मध्यावर येऊन फायदा होत असताना मध्यावर थांबणं कुणालाही जमतं हो.

आता हीच फूटपट्टी भाजपला लावून बघा, आणि इथे भाजप समर्थक आणि विरोधक दोघांनाही थोडं लागेल.

जनता पक्षात जनसंघ विलीन झाला १९७७ मध्ये, आणि दोन वर्षांत दुहेरी सदस्यत्वाचा, म्हणजे जनता पक्षातही आणि संघातही असण्याचा, वाद पेटला. मधू लिमयेंसारख्या समाजवाद्यांचं म्हणणं होतं की जनता पक्षात राहायचं तर संघाशी नातं तोडा. लिमयेंवर आजही पुष्कळ लोक राग धरून आहेत की या माणसाने सरकार पाडलं, तो वेगळा विषय, पण त्यांनी विचारलेला प्रश्न नेमका दोर कापण्याचाच होता. उत्तर आलं, नाही कापणार. एप्रिल १९८० मध्ये मंडळी बाहेर पडली आणि भाजप स्थापन झाला. वाजपेयी अध्यक्ष, पक्षाच्या पंचनिष्ठांमध्ये गांधीवादी समाजवाद, डिसेंबरात मुंबईत मोठं अधिवेशन, न्यायमूर्ती छागलांसारखा माणूस व्यासपीठावरून कौतुक करतोय. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असणार की उजवीकडचा पक्ष मध्यावर आला. आतून मात्र विजयाराजे शिंदेंनी या गांधीवादी समाजवादावर लेखी हरकत घेतली होती, ती नंतर मागे घेतली गेली. म्हणजे नाव नवीन लागलं, त्यासाठी कुणी पक्ष सोडला नाही, कुणाला काढलंही नाही.

मग १९८४ आलं. दोन जागा. खुद्द वाजपेयी ग्वाल्हेरला हरले. आता मान्य करायला पाहिजे की इंदिराजींच्या हत्येनंतरची ती लाट होती, त्यात कुठलंही धोरण वाहून गेलं असतं, पण पक्षाने धडा काय घेतला? १९८६ मध्ये अडवाणी अध्यक्ष झाले, १९८९ मध्ये पालमपूरला राम मंदिराचा ठराव झाला आणि त्याच वर्षी दोनाच्या पंच्याऐंशी जागा झाल्या. एका पराभवात मध्यमार्ग संपला. जर्मनांनी दोन पचवले होते.

१९९८ ची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि इथे लोक भाजपवर जो फसवणुकीचा आरोप करतात तो मला पटत नाही. आघाडी करायची होती म्हणून राम मंदिर, ३७० कलम आणि समान नागरी कायदा हे तीन विषय बाजूला ठेवले. बाजूला ठेवले म्हणाले, सोडले असं कुठे म्हणाले? आपणच ‘सोडले’ असं ऐकलं, आपल्यातले संपादक, विचारवंत, वाजपेयींच्या कविता आवडणारे सज्जन लोक, सगळ्यांनी तसं ऐकून घेतलं कारण तसं ऐकायला बरं वाटत होतं. १८२ जागांवर जे बाजूला ठेवावं लागतं ते ३०३ जागांवर बाजूला ठेवायची गरज राहत नाही, मे २०१९ मध्ये निकाल लागला आणि ५ ऑगस्टला ३७० गेलं. ते योग्य की अयोग्य हा वाद वेगळा घाला. मुद्दा एवढाच की तो विषय त्यांनी जपून ठेवलेला होता, उघडपणे, आणि ज्यांना धक्का बसला त्यांनी कागद वाचले नव्हते.

यातून एक गोष्ट अजून निघते, नेता सरकणं आणि पक्ष सरकणं यात फार अंतर असतं. २००५ मध्ये अडवाणी कराचीला जाऊन जीनांच्या १९४७ च्या भाषणाचं कौतुक करून आले. कट्टर प्रतिमेचा माणूस मध्याकडे पाऊल टाकत होता, मनापासून की पंतप्रधानपदाच्या आशेने ते सोडा. परत आल्यावर संघटनेने जे काय केलं ते सगळ्यांनी बघितलं, वर्ष संपायच्या आत अध्यक्षपद गेलं. इटलीत जानफ्रांको फिनी यांचं याहून वाईट झालं. मुसोलिनीच्या वारशातून आलेला पक्ष त्यांनी १९९५ मध्ये नवीन नावाने उभा केला, २००३ मध्ये इस्रायलला जाऊन फॅसिझमच्या काळाला निखालस दुष्टपणा म्हणाले, माझ्या मते हा माणूस खरोखर बदलला होता. २०१३ च्या निवडणुकीत त्यांच्या नव्या पक्षाला अर्धा टक्का मतंसुद्धा पडली नाहीत. जुन्या निखाऱ्यातून दुसराच पक्ष निघाला होता, जुन्या पक्षाच्या चिन्हातली ज्योत त्याने आपल्या चिन्हात जपली आणि दहा वर्षांत जॉर्जिया मेलोनी पंतप्रधान झाल्या. एकट्या नेत्याचं परिवर्तन म्हणजे खालच्यांसाठी रजा असते, साहेब बाजूला झाले की आपण आपल्या जागी.

फ्रान्समध्ये मरीन ल पेन यांनी उलटं केलं, माणूस काढला पण माल ठेवला. २०१५ मध्ये त्यांनी पक्षाचे संस्थापक असलेल्या स्वतःच्या वडिलांनाच पक्षातून काढलं. मी वर म्हणालो की स्वतःची माणसं काढणं ही खरी परीक्षा, तर मग ह्या पास झाल्या म्हणायच्या का? २०१८ मध्ये नाव बदललं, युरोतून बाहेर पडायची भाषा सोडली, २०२२ ला दुसऱ्या फेरीत एक्केचाळीस टक्क्यांच्या वर गेल्या. पण नोकरी, घर, सरकारी मदत यात आधी फ्रेंच नागरिक ही वडिलांच्या काळापासूनची मागणी कार्यक्रमात तशीच होती, फक्त आता ती सार्वमत घेऊन घटनेतच घालायची असं नीट वकिली भाषेत लिहिलेलं. म्हणून फक्त ‘कोण गेलं’ विचारून भागत नाही, जाताना त्याने सोबत काय नेलं हेही विचारावं लागतं. वडील गेले, वडिलांचा कार्यक्रम घरातच राहिला.

काँग्रेसवाले एव्हाना खुश झाले असतील तर त्यांच्यासाठी थोडं. मध्यावर असणं म्हणजे दोन्हीकडच्या कट्टरांना एकेक तुकडा टाकणं नव्हे. १९८६ मध्ये शाहबानो निकाल फिरवायला कायदा केला आणि त्याच वर्षी अयोध्येतलं कुलूप निघालं, १९८९ मध्ये प्रचाराची सुरुवात फैजाबादहून रामराज्याच्या आश्वासनाने झाली आणि त्याच नोव्हेंबरात शिलान्यासही होऊ दिला. याला बरेच जण बॅलन्स म्हणतात. माझ्या मते यात मधला माणूस, ज्याला दोन्ही बाजूंचा उपद्रव नको असतो, त्याला काहीच मिळालं नाही, आणि दोन्ही टोकं मात्र सरकारी पैशाने जाड झाली.

आणि खरा बदल म्हणजे चांगला बदल असंही नसतं बरं का. पश्चिम बंगालमध्ये बुद्धदेव भट्टाचार्य उद्योग आणायला निघाले ते नाटक नव्हतं, तो माणूस पूर्ण मनाने निघाला होता. डावा पक्ष मध्याकडे सरकला, इंग्रजी पेपरांनी डोक्यावर घेतलं. सिंगूरला सुमारे हजार एकर जमीन घेतली, नंदीग्रामला १४ मार्च २००७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात १४ माणसं गेली, २००८ मध्ये टाटांचा प्रकल्प राज्यातून निघून गेला आणि २०११ मध्ये ३४ वर्षांची सत्ता गेली. नियत शंभर टक्के खरी. ज्यांच्या जमिनीवर पक्ष उभा होता त्यांना विचारायचं राहून गेलं, आणि ज्या मध्यमवर्गासाठी एवढं केलं तो मतदानाच्या दिवशी दुसरीकडेच गेला.

अजून एक भानगड म्हणजे मध्य स्वतःच एका जागी नसतो. ब्रिटिश लेबर पक्षाने १९९५ मध्ये आपल्या घटनेतलं उत्पादनसाधनांच्या सामाजिक मालकीचं कलम काढलं, जे १९१८ पासून होतं आणि जे काढायचा प्रयत्न आधीचे पक्षनेते गेट्सकेल यांनी केला होता तेव्हा पक्षाने त्यांना गप्प बसवलं होतं. ब्लेअर काही गेट्सकेलपेक्षा मोठे जादूगार नव्हते. मधल्या काळात थॅचरबाईंनी अख्खं मैदानच सरकवलं होतं. आपल्याकडेही बघा, ३७० रद्द झालं तेव्हा आम आदमी पक्षाने पाठिंबा दिला, बसपाने दिला. हे पक्ष उजवीकडे गेले की मध्यावरच राहिले आणि मध्य त्यांना घेऊन गेला, यावर दोन तास वाद घालता येईल. म्हणून ‘मध्य’ या जागेचं फार कौतुक नको, कुठून निघाले आणि काय सोडलं तेवढं मोजता येतं.

आता ज्यावर आपल्याकडे सगळ्यात जास्त भांडण होतं तो विषय, उद्धव ठाकरेंची शिवसेना. नोव्हेंबर २०१९ मध्ये महाविकास आघाडी झाली आणि किमान समान कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच घटनेतल्या धर्मनिरपेक्ष मूल्यांचा उल्लेख आला, त्यावर सेनेची सही. पंधरा दिवसांत नागरिकत्व दुरुस्ती विधेयक आलं, लोकसभेत सेनेने बाजूने मतदान केलं आणि दोन दिवसांनी राज्यसभेत सभात्याग. मार्च २०२० मध्ये शंभर दिवस झाले म्हणून अयोध्येला गेले आणि म्हणाले भाजप सोडलाय, हिंदुत्व नाही. जून २०२२ मध्ये सरकार पडायच्या दिवशी शेवटच्या मंत्रिमंडळ बैठकीत संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं मंजूर केली. इथपर्यंत कुणीही म्हणेल की एक पाय नावेत आणि एक काठावर.

पण किंमत बघा. पंचावन्नातले चाळीसच्या आसपास आमदार गेले, २०२३ च्या फेब्रुवारीत नाव आणि धनुष्यबाण गेलं. आता कुणी म्हणेल ही किंमत त्यांनी ठरवून मोजली नाही, ती त्यांच्याकडून वसूल झाली. बरोबर, दोर त्यांनी कापला नाही, वरच्यांनी कापला. पण द्रमुकचाही दोर कायद्यानेच कापला होता की! कुणी कापला याला महत्त्व नाही असं एकदा म्हटल्यावर इथेही तेच लावायला पाहिजे, आवडता-नावडता पक्ष बघून नियम बदलायचा नाही.

मग पराभवानंतर काय केलं? विधानसभेत वीस जागा आल्या आणि दोन आठवड्यांच्या आत, ६ डिसेंबर २०२४ ला, ठाकरेंच्या अगदी जवळच्या आमदाराने बाबरी पाडल्याचं समर्थन करणारी पोस्ट टाकली, समाजवादी पक्ष त्यावरून आघाडीतून बाहेर पडला. मला तेव्हा वाटलं झालं, १९८४ नंतरच्या भाजपची कॉपी. पण मग एप्रिल २०२५ मध्ये वक्फ विधेयकावर याच पक्षाने लोकसभेत विरोधात मत दिलं, आणि ते मत देताना राज्यात त्याचा फायदा काहीच दिसत नव्हता, उलट शिंदे गट रोज डिवचत होता. तोट्यातलं ते मत मी भाषणांपेक्षा वर धरतो. त्यानंतर जुलैत उद्धव आणि राज हे दोघे भाऊ एका व्यासपीठावर आले ते हिंदी सक्तीच्या विरोधात, मराठीच्या मुद्द्यावर. म्हणजे मागे फिरले तर १९८७ च्या हिंदुत्वाकडे नाही, त्याच्याही मागे, सेना मराठी माणसाच्या नावाने निघाली त्या १९६६ कडे. तो मध्य आहे का? ज्या परप्रांतीय टॅक्सीवाल्याने साठ-सत्तरच्या दशकांतल्या गोष्टी घरात ऐकल्या असतील त्याला हा प्रश्न विचारा, मुस्लिम मतदारापेक्षा वेगळं उत्तर मिळेल.

तर माझं मत विचाराल तर या पक्षाचा बदल अर्धा खरा आहे आणि उरलेला अर्धा अजून लिहायचा बाकी आहे. ‘आमचं हिंदुत्व वेगळं’ हे भाषणांत शंभरदा येऊन गेलंय. वेगळं म्हणजे नेमकं काय, १९९२-९३ च्या मुंबईतल्या दंगलींबद्दल पक्षाचं आज म्हणणं काय, दर ६ डिसेंबरला शाखेने काय करायचं आणि काय नाही करायचं, हे भाषणात नको, ठरावात पाहिजे, शाखाप्रमुखाच्या हातात कागद पाहिजे. द्रमुकने १९६३ मध्ये तेवढं केलं होतं, आणि तेही नाखुशीनेच.